चिकूखाली कोण रडतं?

माझ्या आवारात पंचवीस-तीस माणसं उकिडवी बसून माती चाटत होती.

मी रंगवून सांगत नाही. बेंगळुरात, यशवंतपूरच्या पलीकडच्या आमच्या वसाहतीत, दिवसाढवळ्या हे चाललं होतं. चाटणारे अडाणी नव्हते. एक निवृत्त बँक मॅनेजर होते. एका पोराच्या गळ्यात कंपनीचं ओळखपत्र होतं. ते मातीला लागू नये म्हणून त्यानं ते पाठीवर टाकलं होतं. माती मात्र तोंडात घातली होती. चिमूट उचलायची, जिभेवर ठेवायची, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "अय्यो! उप्पु! उप्पु!"

उप्पु म्हणजे मीठ. एवढं कानडी इथं सगळ्यांना येतं.

मधोमध चिकूचं झाड. त्याच्याखाली गोल उघडी जमीन. गवताची काडी नाही, मुंगी नाही. वर पांढरी खरपुडी आलेली. आणि खोडाला पाठ टेकून योगीराज महाराज बसलेले. भगवा रेशमी कुडता, कपाळभर भस्म, हातात पावलं मोजणारं घड्याळ. घड्याळाची काय गरज होती कळत नाही. दोन महिन्यांत ते शेजारच्या जेवणाच्या टेबलापासून माझ्या झाडापर्यंतच चालले होते.

"चाखा, बेटा, चाखा," महाराज म्हणाले. "पाऊस नाही, कुणी नळ सोडला नाही, मग पहाटे जमीन ओली कशी? ओली कुणी केली? आणि खारट का? हे मीठ नाही, बेटा. हे अश्रू आहेत. कुणाचे?"

"तिचे!" मागून चारपाच बायका म्हणाल्या.

ती म्हणजे माझी बायको. अलका. तिला जाऊन नऊ महिने झाले होते.

गोष्ट नीट सांगायची तर आधी झाडाची सांगायला हवी.

चिकूची सावली दाट. तिच्याखाली हिरवळ येत नाही, ही या गल्लीतली जुनी तक्रार. लोक लॉन आणून अंथरतात, ते महिन्याभरात पिवळं पडतं, मग कंटाळून फरशी घालतात. अलकानं तसं केलं नाही. ती म्हणायची, जिथं ऊन नाही तिथं उन्हाची झाडं कशाला मागायची? तिनं नेचे लावले, पानओवा लावला, खोडावर मनी प्लांट चढवला. झाडाची पानं गळली की झाडायची नाहीत, हा घरात कायदा होता. मी एकदा झाडू घेऊन गेलो तर म्हणाली, "त्याचं ताट आहे ते. दुसऱ्याच्या ताटातलं ओढू नका." पानं कुजायची, माती काळीभोर व्हायची. हातात घेतली की चहाच्या चोथ्यासारखी भुसभुशीत.

गल्लीतल्या बाकी सगळ्या आवारांत आता सिमेंट आहे. त्यामुळे नवरात्र आलं की ज्यांच्या घरी घट बसतो ते माझ्याकडे माती न्यायला यायचे. या वसाहतीत निपाणी-चिकोडीकडची, कोल्हापूरकडची बरीच घरं. अलका प्रत्येकाला पाटीभर माती द्यायची आणि घट कसा वीतभर उगवला ते दसऱ्याला जाऊन बघायची. आमच्याकडे घट दाट उगवला की वर्ष चांगलं. विरळ उगवला की बायका दिवसभर गप्प असतात.

अलका होळीच्या आधी गेली. आधी कावीळ, मग दवाखाना, मग काहीच नाही. यापेक्षा जास्त मला सांगता येत नाही.

पावसाळ्यात नेचे कुजले. पानओवा काळा पडला. मी पाणी घातलं, शेणखत घातलं, उपयोग झाला नाही. श्रावण संपेपर्यंत झाडाखालचं सगळं गेलं. तरी नवरात्रात नेहमीसारखे लोक आले, मी नेहमीसारखी माती दिली. आणि गल्लीत एकाही घरात घट उगवला नाही.

एकाही घरात नाही. गहू तसाच फुगून कुजला. शेजारची महानंदाक्का माझ्या दारात उभी राहून रडली. "अण्णा, अलकाक्काच्या मातीला काय झालं हो?"

मला काय माहीत? मी आयुष्यभर लेथवर काम केलं.

महानंदाक्काचा नवरा कल्लाप्पा आणि मी एकाच कारखान्यात होतो, एकाच वर्षी निवृत्त झालो, घरंही भिंतीला भिंत लावून बांधली. त्याच्या मेहुण्यानं योगीराज महाराजांना आणलं. महाराज चार दिवसांसाठी आले. कल्लाप्पाच्या मागच्या खोलीत उतरले. तूप चांगलं होतं, राहिले.

पहिल्याच आठवड्यात ते माझं झाड बघायला आले. तळहात जमिनीवर ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला. "वायब्रेशन! फार जड वायब्रेशन! माताजी इथंच बसल्या आहेत. त्यांची काहीतरी इच्छा राहिली."

"तिची इच्छा राहिली असती तर तिनं मला सांगितली असती," मी म्हणालो. "सांगितल्याशिवाय ती राहायची नाही."

"बाबूजी, मृत्यूनंतर भाषा बदलते."

"मग तुम्हाला कशी कळली?"

कल्लाप्पानं माझा हात दाबला. "रघुअण्णा, स्वल्प गप्प बस की. मोठा माणूस आहे."

मोठ्या माणसानं जाहीर केलं, "आज रात्री ती रडेल." पहाटे जमीन ओली होती. मग म्हणाले, दोन रात्री शांत राहील, तिसऱ्या रात्री पुन्हा रडेल. तसंच झालं. आणि मग तसंच होत राहिलं. दिवाळीनंतर पाऊस थांबला, सगळीकडे माती भेगाळली, पण दर तिसऱ्या पहाटे चिकूखाली ओल. ऊन चढलं की ओल वाळायची आणि पांढरी खरपुडी वर यायची. एका बाईनं ती चाखली. त्या दिवसापासून माझं आवार देऊळ झालं.

महाराजांनी उपायही सांगितला. मार्गशीर्ष अमावस्येला झाड बुंध्यापासून कापायचं. बुंध्यात सात लोखंडी खिळे ठोकायचे, म्हणजे अलका पुन्हा वर येणार नाही. त्यावर चौथरा बांधायचा आणि चौथऱ्यावर पादुका. पादुका कुणाच्या? महाराजांच्याच. माझ्या बायकोला खिळे, त्यांना पादुका.

मी सरळ नाही म्हणालो असतो. गेटला कुलूप लावलं असतं. पण गेट माझी मुलगीच उघडत होती.

प्रांजली हेब्बाळला एका कंपनीत काम करते. दिवसभर संगणकाशी बोलते. हुशार आहे, माझ्यापेक्षा दहापट. पण दवाखान्यातल्या त्या शेवटच्या दिवशी तिला यायला उशीर झाला होता आणि ते तिच्या मनातून जात नव्हतं. महाराजांनी हे कुठून तरी काढून घेतलं. कल्लाप्पाच्या घरी चहा पिता पिता काढलं असेल. एक दिवस तिला म्हणाले, "बेटा, आई तुझीच वाट बघून रडते. तू भेटायच्या आधीच तिला जावं लागलं."

त्यानंतर ती जेवेना. कामावर जाण्याआधी तासभर झाडाखाली बसायची.

"बाबा, तुम्ही झाड कापू दिलं नाही तर ती सुटणार नाही."

"ते झाड तिचं आहे. ते कापून ती कशी सुटेल?"

"आई रडतेय, बाबा. दर तीन दिवसांनी रडतेय. आणि तुम्ही आत झोपता."

मी म्हटलं, "बरं, अमावस्येला बघू." ती मला मिठी मारून रडली. माझ्या हो म्हणण्यानं तिला नऊ महिन्यांत पहिल्यांदा बरं वाटलं, आणि ते हो त्या भामट्याच्या पदरात पडलं.

त्या दिवशी सगळे गेल्यावर मीही माती चाखली. खारट होती. मी तिथं बराच वेळ बसलो. ज्याची बायको गेली आहे त्याला विचारा, तिचा निरोप आला असं कुणी म्हटलं तर खरंखोटं बघण्याची घाई होत नाही. योगीराजसारख्यांचं सगळं दुकान त्या न होणाऱ्या घाईवर चालतं.

पण मग मला अलका आठवली. महाराजांची नव्हे, माझी. अलका रडत बसणारी बाई नव्हती. नळ ठिबकला आणि मी डोक्याला हात लावला की म्हणायची, "कपाळ बडवून नळ थांबत नाही. आधी वायसर बघा." दूध नासलं, मिक्सर बंद पडला, प्रांजलीला गणितात कमी मार्क पडले, सगळ्याला तिचं एकच. आधी वायसर बघा.

मी हेमलताबाईंना फोन केला.

हेमलताबाई बेळगावच्या एका शाळेत विज्ञान शिकवत. आता इथं मुलाकडे असतात, पण ते वर्ष त्या भावाच्या आजारपणासाठी बेळगावातच होत्या. अलकाची मैत्रीण. दोघी कलमांची देवाणघेवाण करायच्या आणि एकमेकींच्या कलमांना नावं ठेवायच्या. अमावस्येला आठवडा असताना त्या आल्या. भर दुपारी, महाराज शेजारी जेवणानंतरची समाधी लावून घोरत असताना, त्यांनी पदर खोचला आणि माती चाखली. लगेच थुंकली.

"रघुनंदनराव, अश्रूंची चव मला माहिती आहे. नवरा जाऊन बारा वर्षं झाली. हे अश्रू नाहीत, हे लोणच्याच्या बरणीतलं पाणी आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे एवढी जमीन एवढी खारट व्हायला अलकाला रात्रंदिवस रडावं लागेल, आणि मध्ये मध्ये वाण्याकडे जाऊन मीठ खावं लागेल. इथं कुणीतरी पोत्यानं मीठ ओततंय. या गल्लीत पोत्यानं मीठ कुठं येतं?"

मी म्हणालो, "पोत्यानं मीठ फक्त..." आणि थांबलो.

कल्लाप्पा दर महिन्याला स्कूटरच्या पायाशी मिठाचं पोतं ठेवून आणायचा. मी दर वेळी बघत होतो. मीच त्याला चिडवलं होतं, "एवढं लोणचं खातोस तरी कधी रे?"

"कुठं ठेवतो तो ते मीठ?" बाईंनी विचारलं. मी भिंतीच्या पलीकडे बोट दाखवलं. बाईंनी खुरपं मागितलं. माती जिथं सगळ्यात पांढरी होती तिथं भिंतीच्या कडेला थोडं उकरलं, काहीतरी बघितलं, पुन्हा माती सारखी केली आणि हात धुतले.

"चला, महानंदाकडे चहा घेऊ."

चहा दोन तास चालला. तिथं काय बोलणं झालं ते पुढं येईलच. एवढंच सांगतो, आम्ही निघताना महानंदाक्कानं महाराजांसाठी तापत ठेवलेलं तूप गॅसवरून उतरवलं आणि सिंकमध्ये ओतलं.

अमावस्येच्या सकाळी माझ्या आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतीवरसुद्धा माणसं बसली होती. झाड कापणारा आपलं यंत्र मांडीवर घेऊन बसला होता आणि दर पाच मिनिटांनी विचारत होता, "कट माडला, सार?" म्हणजे कापू का. ताटात सात खिळे, कुंकू लावलेले. प्रांजली पांढरी साडी नेसून समोर बसली होती. तिच्या आईची साडी. महाराजांनीच सांगितलं होतं.

महाराज रंगात आले होते. "आज माताजी मुक्त होतील! त्यांची एनर्जी ऊर्ध्व जाईल! ही सेवा विज्ञानाच्या पलीकडची आहे, बेटा. सायन्स फेल आहे इथं."

हेमलताबाई पुढं आल्या. "महाराज, मी शाळेत फार नापास बघितलेत. एक शंका विचारू?"

"विचारा, माताजी."

"ही रात्रीच का रडते?"

"प्रेतयोनीला सूर्य सोसत नाही."

"आणि तिसऱ्या रात्रीच का?"

"तिचा काळ ठरलेला आहे. ईश्वरी नियम. त्यात मनुष्य हात घालू शकत नाही."

"म्हणजे दिवसा ती रडणारच नाही?"

"कदापि नाही!"

"समजा आत्ता रडली तर?"

महाराज हसले. भक्तही हसले. "सूर्य डोक्यावर असताना ती रडली तर मी ही वस्त्रं उतरवून निघून जाईन."

"वस्त्रं राहू द्या," बाई म्हणाल्या. "सगळ्यांनी ऐकलं ना? रघुनंदनराव, सांगा तिला."

मी भिंतीकडे तोंड केलं. "महानंदाक्का," मी ओरडलो, "लावा!"

पलीकडून टक् असा आवाज आला. मग घरघर. मग जमिनीखालून गुळगुळ, जशी बाटली रिकामी होताना होते. आणि पन्नास-साठ माणसांच्या डोळ्यांदेखत, ऐन उन्हात, चिकूखालची जमीन ओली व्हायला लागली.

झाड कापणाऱ्यानं मांडीवरचं यंत्र खाली ठेवलं.

बँक मॅनेजर सवयीनं वाकले, बोट बुडवलं, चाखलं. "उप्पु इल्ल," ते म्हणाले. मीठ नाही.

महाराजांच्या जिवात जीव आला. "बघा! बघा! हे अश्रूच नाहीत! साधं पाणी! या लोकांनी नळ सोडला! पवित्र जागी नळ सोडतात! पाप!"

"बरोबर," हेमलताबाई म्हणाल्या. "आधी साधंच पाणी येतं. जरा थांबा. समाधी लावा तोपर्यंत."

लोक थांबले. पाणी येत राहिलं. थोड्या वेळानं बाईंनी मॅनेजरांना खूण केली. ते पुन्हा वाकले. या वेळी चाखल्यावर त्यांचं तोंड वाकडं झालं. "उप्पु," ते हळूच म्हणाले. इतके दिवस हाच शब्द ते डोळे मिटून म्हणत होते. आता डोळे उघडे होते.

"जागी झाली!" महाराज उभे राहिले. "दिवसा जागी झाली! महाभयंकर! तुम्ही तिला चेतवलंत! आता अनर्थ..."

"महानंदा, बंद कर ग," बाईंनी हाक मारली.

टक्. पाणी थांबलं.

"पुन्हा लाव."

टक्. घरघर. गुळगुळ. पाणी आलं.

"बंद."

थांबलं.

पहिल्यांदा बंद झालं तेव्हा कुणी हसलं नाही. दुसऱ्यांदा बंद झालं तेव्हा भिंतीवर बसलेला एक म्हातारा फिस्सकन हसला आणि मग सगळं आवार हसलं. अनर्थ होणार म्हणून वर केलेला हात महाराजांना कुठं ठेवावा ते कळेना. शेवटी त्यांनी त्या हातानं दाढी खाजवली.

मी पहार घेतली. भिंतीलगतचा चपटा दगड उचलला. खाली पाइपाचं तोंड होतं, मिठानं पांढरं झालेलं.

हेमलताबाईंनी वर्गात सांगावं तसं सांगितलं. गेल्या उन्हाळ्यात कावेरीचं पाणी कमी पडलं आणि कल्लाप्पाच्या घरात बोअरचं पाणी सुरू झालं. ते पाणी जड. भांड्यांवर पांढरे थर, महानंदाचे केस गळायला लागले. म्हणून त्यानं पाणी मऊ करणारं यंत्र बसवलं, ज्याला सगळे सॉफ्टनर म्हणतात. अशी यंत्रं आता शहरभर आहेत. यंत्रातले मणी पाण्यातला चुना धरून ठेवतात. मणी भरले की यंत्र आधी साध्या पाण्यानं आणि मग मिठाच्या पाण्यानं स्वतःला धुतं आणि ते सगळं बाहेर फेकतं. हे दर तिसऱ्या रात्री होतं, कारण ते तसं लावून ठेवलं आहे. रात्री का? कारण तेव्हा घरात कुणाला पाणी लागत नाही. सूर्याचा संबंध नाही. बटण दाबलं तर दुपारीही धुतं.

"आणि हे पाणी या झाडाखाली कसं आलं?" कुणीतरी विचारलं.

त्याचं उत्तर द्यायला महानंदाक्का गेटातून आत आली. हात ओले, पदर खोचलेला.

"हा पाइप अलकाक्कानंच घालून घेतला होता, अण्णा कामावर असताना," ती म्हणाली. "आमच्या धुण्याचं शेवटचं विसळलेलं पाणी वाया जातं म्हणून. मला म्हणाली, महानंदा, तुझ्या गटाराला देतेस त्यापेक्षा माझ्या चिकूला दे. किती वर्षं देत होते मी, ती गेल्यावर बंद केलं. मशीन बसवणाऱ्यानं जवळचा पाइप बघितला आणि त्यालाच जोडून गेला. मला काय माहीत, त्यातून मीठ जातं?" मग ती महाराजांकडे वळली. "पण ह्याला माहीत होतं."

"माताजी..."

"माताजी म्हणू नको मला! आल्या दुसऱ्या दिवशी विचारलंस, अक्का, रात्री भिंतीत काय घरघरतं? झोप मोडली. ह्यांनी तुला मशीन दाखवलं. कुठल्या दिवशी चालतं, किती वाजता चालतं, मीठ कुठं घालायचं, पाइप कुठं जातो, सगळं सांगितलं. हौसेनं सांगितलं, नवीन मशीन म्हणून. आणि त्याच संध्याकाळी तू म्हणालास, आज रात्री ती रडेल. मी तुला तूप वाढत होते रे! माझ्या मैत्रिणीला भूत करणाऱ्याला मी तूप वाढलं!"

सगळ्यांनी कल्लाप्पाकडे पाहिलं. तो खाली बघत होता. "सांगितलं होतं," तो म्हणाला. "पण ध्यानातच आलं नाही की. मशीन वेगळं, भूत वेगळं, असंच डोक्यात." मग म्हणाला, "गावाकडं आज एळ्ळ अमावास्या. शेतात जाऊन भूमीला जेवू घालायचा दिवस. आणि मी करवत आणली."

महाराज चपला शोधत होते. "तुमची श्रद्धा कमी पडली," ते गेटाजवळून म्हणाले. "जिथं शंका तिथं शक्ती राहत नाही."

"शक्ती आहे की," भिंतीवरचा म्हातारा म्हणाला. "प्लग काढलेला नाही अजून."

ते गेले. पावलं मोजणाऱ्या घड्याळाला त्या दिवशी पहिल्यांदा नीट काम मिळालं असेल. झाड कापणाऱ्यानं माझ्याकडे बघितलं. "कट इल्ल?"

"इल्ल."

"सरी," तो म्हणाला, आणि झाडाचे दोन चिकू काढून घेऊन गेला. मी त्याला अडवलं नाही. त्या सगळ्या गर्दीत सरळ धंदा करणारा तो एकटाच होता.

प्रांजली अजून तिथंच बसली होती. साडीचा काठ खारट पाण्यात भिजला होता. ती पुढं सरकली, पाइपाच्या तोंडाशी बोट लावलं, चाखलं.

"आई नाही?"

"नाही, बाळा."

"ती माझी वाट बघत नव्हती?"

"शेवटचे दोन दिवस ती शुद्धीत नव्हती. तू सकाळी आली असतीस तरी तिला कळलं नसतं. मी तिथंच होतो. मलाही ओळखलं नाही तिनं." हे मी तिला आधी सांगायला हवं होतं असं कुणी म्हणेल. म्हणू दे. हे सांगताना अजूनही माझा आवाज नीट निघत नाही.

मग ती रडली. आईच्या साडीत तोंड घालून, मोठ्यानं रडली. ते अश्रू चाखायला मात्र कुणी पुढं आलं नाही. माणसं एकेक करून निघून गेली. खऱ्या रडण्याला गर्दी जमत नाही.

कल्लाप्पानं त्याच दिवशी पाइप तोडून यंत्राचं पाणी गटाराला जोडलं. हेमलताबाईंनी आठवडाभर आधीच दोन डब्यांत गहू पेरून ठेवला होता. एकात झाडाखालची माती तशीच, दुसऱ्यात तीच माती चांगली पाच-सहा पाण्यांनी धुतलेली. ते डबे त्यांनी माझ्या भिंतीवर ठेवले. पहिल्यातला गहू कुजला होता. दुसऱ्यातला बोटभर हिरवागार. गल्लीतल्या बायका येऊन बघून गेल्या. काहींनी त्या हिरव्या डब्याला हळद-कुंकू वाहिलं. बाई चिडल्या. मी म्हटलं, राहू द्या, निदान उगवलेल्याला वाहतायत.

आम्ही जमिनीला भरपूर पाणी पाजून मीठ खाली उतरवलं. पाऊस आल्यावर राहिलेलं त्यानं नेलं. प्रांजलीनं नेचे आणून लावले. चिकूची पानं आता आम्ही झाडत नाही. माती अजून तेवढी काळी झालेली नाही. त्याला वेळ लागतो, आणि त्यावर कुठलाही मंत्र नाही.

योगीराज आता दुसऱ्या वसाहतीत असतो असं कळलं. तिथं एका विहिरीतून म्हणे कण्हण्याचा आवाज येतो. तिथल्या लोकांना मी ओळखत नाही, पण त्यांच्यासाठीच हे लिहिलं आहे. माझ्यासारख्या प्रत्येकासाठी, ज्याचं माणूस गेलं आहे. तुमच्या दारात असा कुणीतरी येईल. तो तुमच्या माणसाचा निरोप आणेल, कारण तुम्हाला काय हवं आहे ते त्याला तुमच्या तोंडावर दिसतं. तुम्ही मूर्ख नाही, तुम्ही दुःखात आहात, आणि त्याला एवढा फरक पुरतो. त्याला घरात घेऊ नका. गेलेलं माणूस दर तिसऱ्या रात्री रडत नाही. ते रडतच नाही. रडायचं काम आपल्याला ठेवून ते गेलेलं असतं. ते आपण करावं, पोटभर करावं, त्यासाठी महाराज लागत नाही.

आणि जमीन खारट लागली तर मीठ कुठून आलं ते विचारा. विहीर कण्हली तर पंप बघा. माझी बायको दोन महिने या झाडाखाली बसून रडत होती असं सगळी गल्ली म्हणत होती. ती तिथं असती तर रडली नसतीच. आम्हा सगळ्यांना रांगेत उभं केलं असतं आणि म्हणाली असती, माती काय चाटताय, आधी वायसर बघा.